फ्रॉकची दुमड

"गुडघे दिसायला लागले. झाली हिची शाळा," वडील म्हणाले.

धाकटी काडी दारातच थबकली. गेले दोन महिने ती घरात गुडघे वाकवून चालत होती. फ्रॉक खाली ओढून ओढून शिवण उसवायची वेळ आली होती. पण मेलं अंग काही ऐकत नव्हतं. मांडवावर चढलेल्या वेलासारखं वाढतच होतं.

त्या घरचा कायदा साधा होता. पाचवीत गेल्यावर मुलीला एकच गणवेश. तो आखूड झाला, की शाळा बंद. भावाला मात्र दर वर्षी नवी कोरी पँट. थोरल्या ताईचा फ्रॉक सहावीतच आखूड झाला. तेव्हापासून ती कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी चिकटवत होती. तिथल्या मुकादमाच्या कानावर वडिलांनी धाकटीचंही नाव घालून ठेवलं होतं.

ताई कामाला लागली, त्याच वर्षी आई शिवण शिकायला बसली. गल्लीतला शिंपी हसला होता, "वहिनी, या वयात?" आई हसली नाही. बोटांत सुया टोचून घेत शिकली. आता अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्याकडे यायचे. नखाएवढी बारीक दुमड ही तिची ख्याती. फक्त तिनेच शिवलेल्या काडीच्या फ्रॉकची दुमड जाडजूड. चालताना पायांवर थपथप आपटायची. वर्गातल्या पोरी चिडवायच्या, "शिवणारीची पोर ना तू? मग खाली उशी कुणी शिवली?" काडी रडत घरी आली, की आई एवढंच म्हणायची, "हसू देत. कात्री लावलीस तर बघ."

"ठरलं होतं ना आपलं?" वडील आता आईला म्हणाले. "आखूड झाला, की बंद."

"ठरलं होतं." आई मशीनवरून उठली. "पण आखूड झालाय कुठे?"

"अगं, डोळे फुटले का तुझे?"

आईने काडीला स्टुलावर उभं केलं, स्वतः खाली बसली, दातांनी टाका तोडला आणि दुमड उसवायला लागली. एक घडी सुटली. विटक्या निळ्याखाली कोरा गडद निळा पट्टा उतरला आणि गुडघे झाकून गेला. काडीचे पाय आपोआप सरळ झाले. आत अजून एक घडी होती. तिच्या आत आणखी एक. दोन्ही बाजूंच्या शिवणींतही कापड दडवलेलं होतं.

"हे... हे कितवीपर्यंत पुरणार?" वडिलांनी विचारलं.

"दहावीपर्यंत."

कायदा त्यांचाच होता.

नुकतीच कामावरून आलेली ताई पुढे झाली. खळीने कडक झालेलं बोट तिने त्या गडद पट्ट्यावरून हळूच फिरवलं.

"माझ्या फ्रॉकला का नव्हती गं अशी दुमड?"

आईने मान वर केली नाही. हात चालूच ठेवले.

"तेव्हा मला शिवता येत नव्हतं, बाळा."