पावणेदहा

"दोन्ही हात वर करा. पंजे फळ्याकडे," बाई म्हणाल्या. भिंगरीने फक्त डावा वर केला.

तिचा उजवा हात खिशात होता. तो नेहमीच खिशात असायचा. आईच्या मागे लागून तिने गणवेशाला मुद्दाम खोल खिसा शिवून घेतला होता. लहानपणी दारात चेंगरून त्या हाताची करंगळी गेली, ती गेलीच. पण जुन्या शाळेत पोरांनी तिला 'पावणेदहा' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव काही जाता जाईना. शेवटी शाळा बदलली. इथे अजून कुणाला पत्ता नव्हता.

"आज नऊचा पाढा पाठ करायचा नाही, हातावर वाचायचा," बाई रंगात आल्या होत्या. "डावीकडून मोजा. नऊ त्रिक? तिसरं बोट दुमडा. त्याच्या डावीकडे राहिली दोन. आपली बोटं दहा, म्हणून डावीकडचं प्रत्येक बोट दहाचं. झाले वीस. उजवीकडची सात सुटी. सत्तावीस!"

वर्गात एकच कल्ला झाला. जो तो बोटं दुमडत सुटला.

"अगं, तूही कर ना," बाई भिंगरीला म्हणाल्या. "सांग बघू, नऊ दुणे?"

आता पळायला वाट नव्हती. भिंगरीने हात बाहेर काढला. दुसरं बोट दुमडलं. डावीकडे एक, उजवीकडे सात. घाबरलं की येत असलेलंही आठवत नाही. हातावर दिसलं ते तिने वाचलं.

"सतरा."

पहिल्या बाकावरचा भोंगा वळला. त्याला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. "बाई, हिला एक बोट कमी आहे!"

काही पोरं हसली. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलंच माझं, बाळा. घे, हात खाली घे."

भिंगरीचे डोळे डबडबले होते. तरी हात खाली जाईना, कारण तिची नजर त्या बोटांवरच खिळली होती. बोटं दहा, म्हणून बोट दहाचं. बाईच तर म्हणाल्या. माझी बोटं नऊ, मग माझं बोट नऊचं! डावीकडचे नऊ आणि उजवीकडची सात, सोळा. तिने तिसरं बोट दुमडलं. डावीकडे दोन नव्वे अठरा, उजवीकडे सहा. चोवीस. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या हातावर आठचा पाढा आहे."

आठच्या पाढ्याला सगळा वर्ग टरकून असायचा. बाईंनी जरा जपूनच विचारलं, "आठ साती?"

सातवं बोट दुमडलं गेलं. डावीकडे सहा, म्हणजे नऊ सक चोपन्न. उजवीकडे दोन.

"छप्पन्न!"

बाईंनी स्वतःचे हात वर केले. आधी उजवी करंगळी दुमडली, मग सातवं बोट. ओठांतल्या ओठांत मोजलं आणि त्या मोकळ्या हसल्या.

"सगळ्यांनी उजवी करंगळी दुमडा रे! आज आठचा पाढा ही शिकवणार."

भिंगरी फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात डोक्याच्या वर. इतका आनंद तिला कधी झालाच नव्हता. समोर मात्र पोरांची त्रेधातिरपीट उडाली होती. करंगळी दुमडली की शेजारचं बोट तिच्या मागोमाग यायचं. ते सरळ केलं की करंगळी टुणकन वर. एकीने तर रिबीनच गुंडाळली.

भोंगा करंगळी दाबून दाबून लालबुंद झाला होता. शेवटी त्याला राहवेना.

"बाई, हिचं बरं आहे!" तो ओरडला. "हिला दुमडावीच लागत नाही!"