बिनबटणांची सिस्टिम

विष्णूने लॅपटॉप बायकोकडे वळवला आणि म्हणाला, "ती बटणांवाली टाक."

मधुमतीच्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलंच राहिलं.

पत्त्यांच्या कॅटएवढा तो कॉम्प्युटर बोर्ड टेबलावर उघडानागडा पडला होता. लंडनच्या हॅरोमधल्या या घराचं हीटिंग, दारावरचा कॅमेरा, सगळं त्याच्या जिवावर. काल त्यातलं मेमरी कार्ड मेलं आणि घर गार पडलं. आता नव्या कार्डावर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, एवढाच प्रश्न.

या घरात हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. विष्णूने आख्खी नोकरी काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं बडवण्यात काढली. चित्रं, बटणं, माउस म्हणजे त्याच्या लेखी बालवाडी. मधुमती वर्षानुवर्षं बोंबलत होती, की हीटिंग वाढवायला मला तुमचे मंत्र पाठ नाहीत, एक बटण द्या. तो हसायचा. "मी आहे ना," म्हणायचा.

आज त्याने स्वतःच बटणं निवडली.

सोमवारी डॉक्टरने त्याचे रिपोर्ट गोड आवाजात समजावून सांगितले होते. इथे मरणसुद्धा सॉरी म्हणून, पाण्याचा ग्लास पुढे सरकवून सांगतात. गाडीत विष्णू अवाक्षर बोलला नाही. घरी आल्यावरही नाही. आणि आज तीन शब्दांत सगळं बोलून मोकळा.

"नावही तुझंच टाक," तो म्हणाला. "सुरू करताना दर वेळी विचारतं ते, कोण म्हणून."

मधुमतीचं डोकं सणकलं. मागत होते तेव्हा दिलं नाही, आणि आता देतायत. असलं देणं घेतंय कोण?

तिने संत्रं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि लॅपटॉप ओढून काळ्या स्क्रीनवालीवर क्लिक केलं.

"अगं, ती नको. तुला झेपायची नाही."

"मग शिकवा. कुठे जायचंय तुम्हाला?"

कार्ड भरत राहिलं. मागच्या रुळांवरून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी गेली, खिडकी थरथरली.

बोर्ड सुरू झाला. काळ्या स्क्रीनवर नाव विचारलं गेलं. मधुमतीने नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर थेट हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर, जन्मतारखेसकट. एरवी 'अहो'. तेवढ्यावर आख्खा संसार झाला. आता तिने एका बोटाने अक्षरं शोधत शोधत तेच नाव टाइप केलं. विष्णू चष्मा काढून उगाच पुसत बसला.

मग पासवर्ड. तिने कळा दाबल्या. स्क्रीनवर काही उमटेना. साधं टिंबसुद्धा नाही. तिने आणखी जोरात दाबल्या.

"बंद पडलं हे," ती म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेला आवाज फुटला. "मी एवढं लिहितेय अहो, काहीच दिसत नाहीये."

विष्णूने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"इथे दिसत नाही," तो म्हणाला. "पण पोचतं. लिहीत राहा."