जनावरांचा दवाखाना

“कोंबडी हाय का टोपलीत?” कंपाउंडर गोरोबानं मान वर न करताच विचारलं.

“न्हाय. जनावर हाय,” चांगुणा म्हणाली आणि तिनं फडकं बाजूला केलं.

गोरोबा स्टुलासकट मागं सरकला. टोपलीत चांगली पाच हात लांब धामण होती. पण तिच्यात काही राम नव्हता. मान तेवढी काठावर उंच टेकवलेली, तोंड उघडं, आणि श्वासागणिक नाकपुडीवर एक बुडबुडा फुगत होता नि फुटत होता.

चांगुणा दोन कोस चालून लोहाऱ्याच्या या दवाखान्यात आली होती. गावच्या सोसायटीच्या गोदामाची ती राखणदार. धामण तिनंच, हातभर असताना, विहिरीच्या गाळातून काढून गोदामात सोडली होती. नाव ठेवलं होतं गोदी. तेव्हापासून बियाण्याच्या ज्वारीच्या एका पोत्याला उंदराचा दात लागला नव्हता. चेअरमन महारुद्रअण्णा पाव्हण्यारावळ्यांना मिशीत हसून सांगायचे, आमच्याकडं बिनपगारी शिपाई हाय म्हणून. पण पौषाची थंडी पडली आणि गोदी फुसफुसायला लागली. हमाल म्हणाले, धामणीनं डूख धरलाय, तोंड वासून बघतीया, आमी आत जात न्हाय. झालं, कौतुक गेलं चुलीत. उद्या सकाळी तिला ठेचतो, असं अण्णांनी सांगून टाकलं.

डूख कसला आलाय डोंबलाचा. रागावलेलं जनावर फुत्कारतं आणि थांबतं. हा आवाज थांबतच नव्हता. श्वास घेताना शिट्टी, सोडताना खुरखुर. बारा दिवस गोदीनं उंदराकडं ढुंकून बघितलं नव्हतं. चांगुणानं ते दुखणं लगेच ओळखलं, कारण ते तिच्या घरात येऊन गेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा कोंडिबा खडी फोडायच्या कामावर होता. धूळ छातीत बसली. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून, मान वर करून बसायचा. मुकादम म्हणाला, सोंग करतोय. हजेरीच्या वहीत त्यानं कोंडिबाच्या नावापुढं ‘कामचुकार’ असं लिहिलं. चांगुणाला तेव्हा अक्षर येत नव्हतं. कुणीतरी ते वाचून दाखवलं, तोवर कोंडिबाला जाऊन महिना झाला होता. कोंडिबाला निदान खोकता तरी येत होतं. सापाला तेही येत नाही. मुक्या जिवानं सांगायचं तरी कसं? तेव्हा आपण गप्प बसलो, याचा चांगुणाला अजून राग होता.

“बाई, हा गुरांचा दवाखाना हाय,” गोरोबा लांबूनच म्हणाला. “सापाचं औषध इथं न्हाय. उचल टोपली.”

“भाईर पाटीवर तसं न्हाय लिवलेलं.”

“तुला वाचता येतं?”

“येतं. प्रौढ वर्गात शिकले. जनावरांचा दवाखाना, असं लिवलंय. बैलाला आमी ढोर म्हणतो, म्हशीला म्हस म्हणतो. पर नुसतं ‘जनावर निघालं’ म्हणलं की माणसं काठ्या घिऊन कशामागं पळत्यात, ते तुम्हाला ठावं हाय. म्हंजे पाटीवर हिचंच नाव हाय. बाकीच्यांना तुम्ही आत कसं घेता, ते सांगा.”

दारात बैल धरून उभा असलेला म्हातारा खो खो हसला. तो आवाज ऐकून डॉक्टर चन्नबसप्पा आतून बाहेर आले. नुकतेच बदलून आलेले, तरणेच होते. त्यांनी टोपलीशी बसून बराच वेळ तो श्वास ऐकला.

“सापाचं आम्हाला कुणी शिकवलं नाही, बाई,” ते म्हणाले. “पण हे फुफ्फुसाचंच आहे. कोंबडीच्या मापानं इंजेक्शन देतो. वाचेलच, असं मी सांगत नाही.”

“द्या.”

चांगुणानं गोदीला मानेमागं धरलं. सुई झाल्यावर डॉक्टर म्हणाले, ऊब हवी, जागा कोरडी हवी. चांगुणानं गोणपाटात गुंडाळलेली तापवलेली वीट टोपलीत दाखवली. ती बघून डॉक्टर म्हणाले, “परवा परत आणा.”

“परवापातूर तिला जित्ती ठिवायची तर शिक्क्याचा कागद पायजे. वहीत लिवा. मालक म्हणून सोसायटीचं नाव घाला. ठराव झाल्याबगार सोसायटीचा खिळासुदिक उपटता येत न्हाय. मग बघते, अण्णा कसं ठेचत्यात ते.”

गोरोबानं नाइलाजानं वही ओढली. मालक, गाव, रोग, सगळं कुरकुरत लिहिलं. मग पेन थांबलं.

“आता हितं काय लिवू? दुभतं, भाकड, का कामाचं?”

चांगुणानं त्याच्या हातातून पेन घेतलं. वाकून, एकेक अक्षर दाबून, तिनं तो रकाना स्वतः भरला.

गोरोबा वाचून हसला. “शिकलीस म्हणं. ‘कामाचा’ लिवलंस की. जनावर असतंय ते, ‘कामाचं’ पायजे. चुकलं तुझं.”

“चुकलं न्हाय,” टोपली डोक्यावर घेत चांगुणा म्हणाली. “एक माणूस लिवायचा ऱ्हायला हुता.”