शाईचा ठिपका

बोंद्रे सरांनी शाईच्या पेनाचं टोक भिंगापुढच्या काचेच्या बरोबर मध्यावर टेकवलं आणि चोरासारखे ते प्रयोगशाळेबाहेर पडले. नुकत्याच रुजू झालेल्या संहिताचा लेसरचा प्रयोग आज पाहुण्यांसमोर होता. वीस वर्षं याच प्रकाशाच्या गणिताची, फूरिये रूपांतराची, समीकरणं फळ्यावर खरडली सरांनी, आणि कौतुक होणार तिचं! भिंगातून येणारा बहुतेक सगळा प्रकाश त्या काचेच्या मध्यावरच गोळा होतो. तिथंच अडवला, की पडद्यावर अंधार. होऊ दे फजिती!

दुपारी पाहुणे जमले. संहितानं कांद्याचा पारदर्शक पापुद्रा लावून लेसर सुरू केला. पडदा काळाच राहिला. सरांना आतून गुदगुल्या झाल्या.

मग डोळे सरावले तशी त्या काळोखात एकेका पेशीची कड चांदीच्या तारेसारखी उजळून आली. टाळ्या पडल्या. कडांचा प्रकाश मध्यापासून लांब पडतो, मध्य झाकला तरी अडत नाही, हे दरवर्षी पोरांकडून ते घोकून घेत. जळफळाटात नेमकं तेच विसरले होते.

संहिता काच उजेडात धरून बघत राहिली. "सर, एवढा बारीक ठिपका मला महिनाभर जमत नव्हता हो. दर वेळी मोठाच व्हायचा. ज्यानं कुणी हा लावलाय, त्याचं नाव मी शोधनिबंधात माझ्या नावाच्या आधी घालणार. तुम्हाला ठाऊक आहे, कोण ते?"

सरांनी शाई लागलेलं बोट खिशात घातलं.

"नाही बुवा."