दारातला खोकला

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात वडिलांची तेरवी आटोपली, तशी गोपिकानं त्यांचा कारखाना उघडला आणि समोरच्या बंडूजींना बोलावून घेतलं. बंडूजी आले, दारात खोकले आणि तिथंच थांबले. हिंगणघाटच्या त्या गल्लीत लोखंडकाम करणाऱ्या या दोन मित्रांची रीतच तशी होती. रोज एकमेकांकडे चहाला जायचे, पण आधी दारात खोकायचे. म्हणजे आतल्याला आपल्या यंत्रावर ताडपत्री ओढायला सवड मिळे. दोघंही कापसाची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटायचं यंत्र बनवत होते.

“या काकाजी, आता झाकणारं कोणी नाई,” ती म्हणाली आणि तिनंच ताडपत्री काढली. “बाबाचं चाक मस्त फिरते. पण दाते घसरतात, पऱ्हाटी धरतच नाई. जाता जाताबी तेच बडबडत होते, धरलं का म्हणून.”

बंडूजी चटकन पाठमोरे झाले.

“माह्ये दाते धरतात,” भिंतीकडे पाहत ते म्हणाले. “चाकच अडून राह्यलं.”

“मंग दोन्ही जोडून पाहा नं, काकाजी. बाबाचं यंत्र पुरं होईल.”

“झाक बाई ते.”

“काऊन?”

“त्याले इचारल्याशिवाय कसं पाहू?” बंडूजींचा आवाज फाटला. “हो म्हनायले तो जिता पाह्यजे. अन् होता तवा म्या कधी इचारलंच नाई.”