नावं तेवढी हलली

२०१५ साली मी हृदयाच्या दुखण्यानं ज्या रुग्णालयात होते, तिथला औषधवाटपाचा प्रोग्राम माझा मुलगा आणि सून गो नावाच्या संगणकभाषेत लिहीत होते. मुलानं रुग्णांची नावं एका यादीत ठेवली होती, औषधं दुसऱ्या; पहिल्या नावाला पहिलं औषध, दुसऱ्याला दुसरं, एवढाच काय तो मेळ.

"अरे, एका माणसाचं नाव, औषध सगळं एका स्ट्रक्टमध्ये, एकाच गाठोड्यात बांध. किती डोकं फोडू तुझ्यापुढे?" माझ्या उशाशी बसून सून करवादली.

"चालतंय ना? मग कशाला उकरतेस?"

दुसऱ्या दिवशी त्यानं नावं अकारविल्हे लावली. औषधं होती तिथंच राहिली. नर्स माझ्यापाशी इन्सुलिन घेऊन आली.

"अगं बाई, मला कुठली आलीय साखर?" मी ओरडले.

सून आज विभागप्रमुख आहे. मुलानं ते काम कायमचं सोडलं. त्या दिवशी शेजारच्या खाटेवर नुकतंच ऑपरेशन झालेल्या बाई होत्या. त्यांनी मात्र काही न विचारता माझं रक्त पातळ करायचं औषध घेतलं होतं. त्या घरी परतल्या नाहीत.