आजाऱ्यांची यादी

"पाळकसाहेब, माझं नाव का गाळलं?" उपासना संपल्यावर रिबकाबाईंनी काठी टेकत विचारलं.

दर रविवारी गावातल्या ख्रिस्ती देवळात आजाऱ्यांसाठी प्रार्थना होई. मंडळीतलं कोणीतरी यादी वाची. तीत नुसती नावं असत, आडनावं नसत. खुब्याचं हाड मोडल्यापासून रिबकाबाई वर्षभर त्या यादीत होत्या.

"तुम्ही आता बऱ्या झालात ना, आजी."

"झाले की. पण मला नावानं हाक मारणारे सगळे गेले हो. आता मी नुसती आजी. इथं तेवढं आठवड्यातून एकदा ऐकायला मिळायचं."

पाळकांनी त्यांचं नाव पुन्हा लिहिलं. पेनाला टोपण लावताना ते थांबले. चार वर्षं ते या गावात एकटेच राहत होते, सगळ्यांसाठी नुसते पाळकसाहेब. त्यांनी खाली आणखी एक नाव लिहिलं.

पुढच्या रविवारी मंडळीतल्या मास्तरांनी यादी वाचली. "योना, रिबका, गमलिएल."

"हा गमलिएल कोण?" बाकांवरची अठरा माणसं कुजबुजू लागली. वेदीपाशी पाळकांनी मान वर केली नाही.

रिबकाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं 'आमेन' म्हटलं.